जुनी केबिन क्रूझर घेताय? आधी गालिचा उचला

जुनी केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोटरबोट, बघायला गेलं की मालक आपल्याला सगळ्यात आधी केबिनमध्येच नेतो. गाद्यांना नवीन कव्हर, इवलासा ओटा, बाजूला सिंक, पुढच्या टोकाला दोघं झोपतील असा त्रिकोणी बेड, छताला एलईडीची पट्टी, बस्स, माणूस तिथंच गार. मी पण झालो होतो. माझी पहिली बोट २४ फुटी आणि वयानंही तेवढीच. पहिल्या महिन्यात मी पडदे शिवून घेतले, गाद्या करून घेतल्या, आणि सहा महिन्यांनी त्याच गाद्या बाहेर फेकून केबिनचं फ्लोअर कटरनं कापत बसलो होतो, कारण खालचं प्लायवुड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं, नखानं उकरलं तरी निघत होतं.

म्हणून हे सगळं लिहितोय. पहिल्यांदाच जुनी बोट घेणाऱ्यांसाठी आहे, ज्यांनी तीन बोटी पालथ्या घातल्यात त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, पाणी. ते कुठून आत येतंय, कुठं साचतंय आणि काय कुजवतंय हे घेण्याआधी हुडका आणि घेतल्यावर कामंपण त्याच क्रमानं करा. पडदे शेवटी.

पायरी १: बोट बघण्याआधी घरी बसून ठरवायच्या गोष्टी

किती मोठी? पहिली असेल तर २२ ते २६ फूट, एकच इंजिन. दोन इंजिनं म्हणजे दोन इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक), दोन कार्ब्युरेटर, दोन डोकेदुख्या, आणि इंजिनरूममध्ये हात घालायला जागा नाही ते वेगळंच. ट्रेलरवर न्यायची असेल तर रुंदी बघा, बऱ्याच देशांत अडीच मीटरच्या आसपास रुंदी गेली की वेगळी परवानगी लागते. वजनाचं पण तसंच. जाहिरातीत लिहिलेलं असतं ते कोरडं वजन, २४-२५ फुटी क्रूझर इंधन, पाणी, सामान आणि ट्रेलर धरून तीन-साडेतीन टनांच्या घरात जाते, तुमची गाडी तेवढं ओढते का ते आधी बघा.

इंधनाचा हिशोब बहुतेक लोक करतच नाहीत. पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलला दर दहा हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण एक अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर लागतं असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे २५० हॉर्सपॉवरचं व्ही-८ असेल तर तासाला ९०-९५ लिटर. फुल थ्रॉटलला कोणी दिवसभर चालवत नाही, पण क्रूझिंगला त्याच्या निम्मं धरलं तरी आकडा एकदा कागदावर लिहून घरच्यांना दाखवून ठेवलेला बरा.

या आकाराच्या जुन्या क्रूझर बहुतेक स्टर्नड्राइव्हवाल्या असतात, म्हणजे इंजिन आत आणि प्रोपेलरचा पाय (ड्राइव्ह) बाहेर, मर्क्रूझर नायतर व्होल्वो पेंटा कंपनीच्या. डिझेल सुरक्षित आणि टिकाऊ, पण पार्ट महाग. आउटबोर्डवाली, म्हणजे इंजिन मागे बाहेर टांगलेली, मिळाली तर इंजिन बदलायला सोपं, बोटीच्या तळात पेट्रोलचं इंजिन नाही हा मोठा फायदा.

पायरी २: पहिली भेट

जायच्या आधी मालकाला फोन करून एकच सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका, मी आल्यावर करू. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतं असं मी तरी समजतो. कुणी म्हणेल सकाळी जरा बॅटरी चार्ज करत होतो, असेलही, पण मग दुसऱ्या दिवशी परत जा.

बरोबर चांगला टॉर्च, जुने कपडे, चिंध्या, मल्टिमीटर, छोटा प्लास्टिकच्या डोक्याचा हातोडा. हातोडा नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ चालते.

आत गेलात की आधी नाक वापरा. बुरशीचा वास म्हणजे वरून गळती, पेट्रोलचा वास म्हणजे तिथंच बघणी थांबवून सगळ्यांनी बाहेर, संडासाचा वास म्हणजे पाइप. (पाइपचं कळायला एक युक्ती आहे, गरम पाण्यात भिजवलेली चिंधी पाइपला घासून हुंगा, चिंधीला वास आला तर पाइप आतून बाहेरपर्यंत मुरलाय, बदलायलाच लागतो.) रूम फ्रेशनर लटकवलेलं असेल तर अजून जास्त हुंगा.

मग गालिचा उचला. चिकटवलेला असला तर कोपऱ्यातून उचलायची परवानगी मागा. देत नसेल तर तेच उत्तर समजा. फ्लोअरवर टाच आपटत चाला, कुठं स्पंजासारखं दबतं का बघा, विशेषतः ड्रायव्हरच्या सीटखाली आणि इंजिनच्या झाकणाच्या कडेनं.

आता ठोकून बघायचं काम, हे सावकाश करा, तास गेला तरी चालेल. बऱ्याच जुन्या फायबरच्या बोटी नुसत्या फायबरच्या नसतात, डेकमध्ये दोन फायबरच्या थरांत बाल्सा लाकूड नायतर प्लायवुड असतं, मागच्या भिंतीत म्हणजे ट्रान्सममध्ये जाड प्लायवुड, आणि तळाशी लांबीभर जाणारे जे स्ट्रिंगर असतात ते पण फायबरात गुंडाळलेलं लाकूडच. हे लाकूड कोरडं असेल तर हातोड्याचा आवाज टणक येतो, टक टक. भिजलं किंवा थर सुटला की आवाज मेल्यासारखा, थप थप. एकदा चांगल्या जागेवर ठोकून कान लावून घ्या आणि मग सरकत जा, आवाज जिथं बदलतो तिथं पेन्सिलनं खूण करत जा. डेकवरचे खांब, क्लीट (दोरी अडकवायचे खुंट), रेलिंगचे पाय, खिडक्यांचे कोपरे, सगळीकडे जिथं कुणीतरी कधीतरी भोक पाडून स्क्रू मारलाय तिथं पाणी शिरतं. माझ्या बोटीवर एका क्लीटभोवती सुरुवात झाली, खुणा करत गेलो तर जेवणाच्या ताटाएवढा गोल झाला, आणि शेजारच्या क्लीटचा गोल त्याला येऊन मिळाला. तेव्हा ती बोट माझी झालेली होती. खुणा घेतल्यानंतर केल्या हीच चूक.

आणि हो, पावसाचं गोडं पाणी लाकडाला खाऱ्यापेक्षा जास्त कुजवतं. त्यामुळे समुद्रात नव्हती, अंगणातच उभी होती हे ऐकून खूश होऊ नका, कव्हर न घालता पाच पावसाळे उभी राहिलेली बोट समुद्रात रोज चालणाऱ्या बोटीपेक्षा वाईट असू शकते.

ट्रान्सम वेगळा बघा. मागचा ड्राइव्ह धरून वर-खाली दाबा आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगा. ड्राइव्हला स्वतःचा थोडा हेलकावा असतो ते ठीक, पण त्याच्याबरोबर ट्रान्समची भिंतच हलत असेल, किंवा ड्राइव्हच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा गेल्या असतील, किंवा एखाद्या स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळल्याचा डाग असेल, तर आतलं प्लायवुड गेलंय. ट्रान्सम बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढायचं. नवख्याने अशी बोट फुकट दिली तरी घेऊ नये.

तळाला बारीक फोड दिसले तर लगेच घाबरू नका. पाणी जेलकोटमधून (बाहेरच्या चकचकीत थरातून) मुरून आत विरघळणाऱ्या रसायनांना मिळालं की हे फोड येतात, फोडलं तर आंबूस व्हिनेगरसारखा वास येतो. चार-दहा असतील तर घासून, नीट वाळवून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) भरता येतं. सगळा तळच पुरळ आल्यासारखा असेल तर मोठं काम, हल (बोटीचं बाहेरचं अंग) महिनोन्महिने वाळवावा लागतो.

ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर हल नंबर कोरलेला असतो, १२ किंवा १४ अक्षरी, शेवटचे दोन आकडे बहुतेक वेळा मॉडेलचं वर्ष सांगतात. कागदांशी जुळवा. ट्रेलरची कागदं वेगळी असतात, ती पण मागा. जुळत नसेल तर मालकाची कहाणी न ऐकता घरी या.

पायरी ३: इंजिन

थंड इंजिनाची डिपस्टिक काढा. तेल काळं असलं तर फार काही नाही, दुधाळ पांढरट असलं तर तेलात पाणी आहे. ड्राइव्हचं गिअर ऑइल पण तसंच बघा, दुधाळ म्हणजे सील गेलं. बर्फाच्या ठिकाणची बोट असेल तर इंजिन ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना टॉर्च मारा, हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलं की आतलं पाणी गोठून ब्लॉक तडकतो. आडवी गंजाची रेघ, वेल्डिंगची खूण किंवा तेवढ्याच पट्ट्यात मारलेला ताजा रंग दिसला तर समजून जा.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) स्वतः करता येत नसेल तर मेकॅनिकला घेऊन जा. नुसत्या आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कारण शोधा.

आता रायझर. याच्यावर थोडा वेळ घालवतो कारण नवीन माणसाला हे माहीतच नसतं. स्टर्नड्राइव्हच्या इंजिनात गरम एक्झॉस्टमध्ये बाहेरचं पाणी मिसळून तो गार करून मागे सोडतात, आणि हे मिसळणं होतं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरच्या वाकड्या तुकड्यात, तो रायझर. बाहेरून रंग मारलेला, चकाचक. आतून खाऱ्या पाण्यानं पोखरलेला. पातळ होत होत एक दिवस भोक पडतं आणि पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरतं, मग स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो. खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांनी मॅनिफोल्ड-रायझर बदलायचेच असं धरून चालतात, गोड्या पाण्यात खूप जास्त टिकतात. मालकाला कधी बदलले विचारा, बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेले नाहीत, किंमत ठरवताना तेच धरा.

तासांच्या मीटरवर फार जाऊ नका. कमी तास चाललेलं इंजिन म्हणजे चांगलं इंजिन असं नाही, वीस वर्षांत दीडशे तास चाललेलं म्हणजे नुसतं गंजत बसलेलं.

पायरी ४: पाण्यावर चालवून बघणं आणि सर्व्हे

पाण्यावर चालवू देत नसेल तर घेऊ नका. चालवताना तापमान, ऑइल प्रेशर, व्होल्टेज तिन्हीवर डोळा ठेवा आणि बोट नीट गरम झाल्यावर थोडा वेळ फुल थ्रॉटल द्या. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलचा आरपीएम दिलेला असतो, ५.७ लिटरच्या व्ही-८ ला बऱ्याचदा ४४०० ते ४८००. तिथवर पोचतच नसेल तर चुकीचा प्रोपेलर, घाणेरडा तळ किंवा दमलेलं इंजिन, तिन्हींपैकी काहीतरी. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर वाफ आहे की धूर ते बघा. किनाऱ्याला आल्यावर बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या भागात) वाका, जाताना कोरडी होती तर आता पण कोरडी पाहिजे.

एवढं करून आवडली तर मग सर्व्हेअर म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ बोलवा. टोकन देताना कागदावर लिहून घ्या की व्यवहार सर्व्हे आणि ट्रायल पास झाल्यावरच, नायतर पैसे परत. सर्व्हेअर तुम्ही निवडायचा, मालकाने किंवा दलालाने सुचवलेला नको. रिपोर्ट दोन वेळा कामाला येतो, एकदा भाव पाडायला आणि एकदा इन्शुरन्सला, कारण जुन्या बोटीला बऱ्याच इन्शुरन्सवाल्यांना तो लागतोच. सर्व्हेअरबरोबर स्वतः उभे रहा, गप्प बसून बघा, त्या अर्ध्या दिवसात जेवढं कळतं तेवढं महिनाभर व्हिडिओ बघून कळत नाही.

पायरी ५: बोट आपली झाली, आता कामाचा क्रम

हातात वही घ्या आणि तीन याद्या करा. ज्यानं बोट बुडेल, ज्यानं बोट पेटेल, आणि बाकी सगळं. पहिल्या दोन संपेपर्यंत तिसरी उघडायची नाही. हे मी पाळलं नाही, म्हणून सांगतोय.

*बुडण्याची यादी.* पाण्याखाली जेवढी भोकं आहेत ती मोजा. प्रत्येकावर सीकॉक (भोक बंद करायचा व्हॉल्व्ह) पाहिजे आणि तो हातानं उघडबंद झाला पाहिजे. घरच्या नळाचे पितळी व्हॉल्व्ह कुणी बसवलेले असतात, दिसायला ब्रॉन्झसारखेच, पण खाऱ्या पाण्यात पितळेतलं झिंक निघून जातं आणि उरतो गुलाबीसर ठिसूळ तांबडा सांगाडा, लाथ बसली तर तुटतो. ब्रॉन्झ किंवा मरीन ग्रेडचं प्लास्टिक बसवा, होजला शक्य तिथं दोन स्टेनलेस क्लॅम्प, आणि प्रत्येक सीकॉकला त्या मापाचा लाकडी खुंटा दोरीनं बांधून ठेवा.

स्टर्नड्राइव्ह असेल तर ट्रान्सम आणि ड्राइव्हच्या मधले रबरी बेलोज (घडीदार बाह्या) बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगू दे. दोन-तीन वर्षांत बदलायची गोष्ट आहे आणि फाटले तर बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडू शकते. ड्राइव्ह काढलाच आहे तर गिंबल बेअरिंग, यू-जॉइंट आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर पण करून टाका. जुन्या इम्पेलरची पाती तुटलेली निघाली तर तुकडे मोजा. मिळत नाहीत म्हणजे ते कुलिंगच्या वाटेत कुठंतरी अडकलेत आणि भर पाण्यात तापमानाचा काटा वर चढवणार.

बिल्ज पंपाचा हिशोब सांगतो. पाण्याखाली एक फुटावर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला ४५ ते ७५ लिटर पाणी आत येतं, म्हणजे तासाला तीन-चार हजार लिटर. आणि जुन्या बोटीत बहुतेक ५०० गॅलनचा पंप असतो, म्हणजे तासाला १९०० लिटर, तो पण डब्यावर लिहिलेला आकडा, पाणी वर चढवताना आणि लांब पाइपातून ढकलताना त्याहून बराच कमी. म्हणून दोन पंप, एक खाली आणि एक मोठा जरा वर, आणि ऑटोमॅटिक पंपाची वायर बॅटरीवरून थेट स्वतःच्या फ्यूजमधून, मेन स्विच बंद केला तरी चालू राहिली पाहिजे.

*पेटण्याची यादी.* पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, खाली बिल्जमध्ये जाऊन बसते. म्हणून इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर (इंजिनरूमची हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवायचा, आणि तरीही झाकण उघडून हुंगायचं. पेट्रोलच्या बोटीतले स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर न सोडणारे असतात, म्हणून महाग. गाडीचा अल्टरनेटर त्याच मापात स्वस्तात मिळतो आणि बसतोही, पण वाफेनं भरलेल्या बंद पेटीत तो बसवणं म्हणजे आत काडी ओढण्यासारखंच. कार्ब्युरेटरचं पण तेच, मरीनमध्ये जास्तीचं पेट्रोल इंजिनातच जातं, गाडीच्यात बाहेर ओघळतं. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी ही काटकसर केलेलीच असते, पार्टवर मरीनची खूण आहे का ते एकेक करून बघा.

इंधनाचे सगळे पाइप बदला, पाइपवर वर्ष छापलेलं असतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, इथेनॉलवालं असेल तर पाणी शोषून तळाशी वेगळा थर करतं आणि इंजिन नेमका तोच ओढतं. ॲल्युमिनियमची टाकी फोममध्ये बसवलेली असेल तर खालून ओल धरून गंजते, प्रेशर टेस्ट करून घ्या. गॅसची शेगडी असेल तर सिलिंडरचा कप्पा वेगळा, आतून सीलबंद आणि खालून बोटीबाहेर निचरा होणारा पाहिजे. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. हळू चालत असताना मागचं कापड उघडं आणि पुढचं सगळं बंद असलं की एक्झॉस्ट उलटा आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

*वायरिंग.* पॅनेल उघडलं की आधी बंद करावंसं वाटेल. पाच मालकांच्या पाच रंगांच्या वायरी, चिकटपट्ट्या, मध्येच घरातली वायर. कुठंही न जाणाऱ्या वायरी आधी काढून टाका, अर्धा गठ्ठा तिथंच कमी होतो. नवीन टाकताना कलई केलेली, बारीक तारांची तांब्याची वायर, क्रिम्प करून (टोकाला टर्मिनल दाबून) वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज. बॅटरी रात्रभर स्वस्थ ठेवून १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.० ला जवळजवळ रिकामी. धक्क्यावरची वीज बोटीत घेत असाल तर तो भाग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यात हौस नको, गोड्या पाण्यात विजेची गळती झाली तर शेजारी पोहणारा माणूस मरतो.

झिंक म्हणजे अॅनोड, ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, निम्मा झिजला की बदला. खाऱ्या पाण्याला झिंक, मिश्र पाण्याला ॲल्युमिनियम, गोड्याला मॅग्नेशियम, आणि त्याच्यावर रंग मारू नका, मग तो काहीच करत नाही. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो) ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हला लावू नका, ड्राइव्ह खाऊन टाकतो.

पायरी ६: गळती आणि कुजलेलं लाकूड

गळती शोधायला दोन माणसं लागतात. आत एकेका स्क्रूखाली, खिडकीच्या कोपऱ्यात टिश्यू पेपरचे तुकडे चिकटवा, बाहेरून पाइपनं हळू पाणी सोडा, खालून सुरू करून वर चढत जायचं, एका जागेला दहा मिनिटं. वरून सुरू केलंत तर सगळीकडूनच पाणी येतं आणि काही कळत नाही. पहिला टिश्यू भिजला तिथं थांबा. पाणी डेक आणि आतल्या अस्तराच्या मधून सहा-सहा फूट पळतं, म्हणून डाग जिथं आहे तिथं भोक असेलच असं नाही.

गळणारी फिटिंग काढली की सिलिकॉन ओतून परत बसवायचा मोह होतो. सिलिकॉन डेकवर नकोच, सहा महिन्यांनी सुटतं आणि त्याचा चिकट तवंग राहतो त्यावर पुढचं काहीच धरत नाही. ५२०० नावाचं पॉलियुरेथेन सीलंट लोक वापरतात, पण ते गोंद आहे, पुढच्या वेळी फिटिंगबरोबर जेलकोट पण निघेल. मी डेकच्या फिटिंगला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरतो.

पण टेप लावण्याआधी भोक नीट करायचं, हेच खरं काम. भोक जरा मोठ्या ड्रिलनं मोठं करा. एक खिळा एल आकारात वाकवून ड्रिलच्या तोंडात पकडा आणि भोकात घालून फिरवा, फायबरच्या दोन थरांच्या मधलं लाकूड भुगा होऊन बाहेर येतं. भुगा हातात घ्या. कोरडा, पांढरट असला तर नशीब. काळा, ओला, चोळल्यावर गोळी होत असली तर कोरडं लागेपर्यंत मागे जायचं. मग हवेनं साफ करा, खालून टेप लावा, आधी पातळ इपॉक्सी ओतून लाकडाला प्यायला द्या, थोड्या वेळानं घट्ट केलेलं भरा. दुसऱ्या दिवशी त्या घट्ट झालेल्या इपॉक्सीतून मूळ मापाचं भोक पाडा, तोंडाला किंचित उतार द्या, ब्युटाइल लावा, बोल्ट कसा. आता टेप गळला तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. एका बोटीवर अशी पन्नासएक भोकं असतात. कंटाळा येतो, पण रविवारी चार असं केलं तर होतं.

कूज मोठी असेल तर वरून भोकं पाडून इपॉक्सी इंजेक्ट करायचे व्हिडिओ आहेत, त्याच्या नादी लागू नका, ओल्या कुजक्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही. वरचा थर कापून काढा, ओलं खरवडा, नवीन कोअर (मधलं लाकूड) इपॉक्सीत बसवा, वरचा थर परत चिकटवा. सांध्याला उतार जाडीच्या बारापट ठेवायचा, म्हणजे चार मिलीमीटर जाड असेल तर जवळपास पाच सेंटिमीटर. बोटीच्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी छान बसतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही, म्हणून वरून पेंटच करा. इपॉक्सी सुकल्यावर वर मेणासारखा थर येतो, तो घासण्याआधी साध्या पाण्यानं धुवा, नायतर सँडपेपर चोंदतो. आणि एकदम डबाभर मिसळू नका, डब्यात ते स्वतःच तापतं. माझ्या हातातला कप धुरायला लागला होता, प्लास्टिक वितळून बुटावर.

फायबर आणि जुना तळाचा रंग घासताना कागदी मास्क चालत नाही, धुळीचा आणि वाफेचा दोन्ही फिल्टर असलेला रेस्पिरेटर घ्या, आणि तळाचा रंग ओलाच घासा, ती धूळ विषारी असते. स्टँडवर उभ्या बोटीचे स्टँड साखळीनं एकमेकांना बांधलेले आहेत का बघा, रंग नीट लागावा म्हणून स्वतःहून एखादा सरकवू नका.

पायरी ७: दिसणं

हे पटकन. पांढरा पडलेला जेलकोट बहुतेक वेळा मेलेला नसतो, ८००-१००० च्या पेपरनं ओला घासा, कंपाउंड, पॉलिश, मेण. आधी एक फूटभर चौकोन करून बघा. गालिचा परत लावूच नका, निघणारी चटई टाका म्हणजे खाली काय चाललंय ते दिसतं. गाद्यांचा फोम बदलताना खाली हवा खेळती राहील असं काहीतरी जाळीदार ठेवा. पडदे आता शिवा.

पैसे आणि वेळ

खरेदीला जेवढे पैसे बाजूला काढलेत त्यातले दोन तृतीयांशच बोटीवर घाला, उरलेले पहिल्या वर्षाला लागतात. ही माझी मोजणी आहे, कुणाला कमी लागले असतील, मला जास्त लागले. वेळेचा अंदाज जो काढाल त्याला दुप्पट करा. सगळं सोलून एका दमात नवीन करायच्या भानगडीत मात्र पडू नका, बोट यार्डात दोन वर्षं उभी राहते, पावसाळा लागतो, उत्साह जातो आणि मग जाहिरात येते, "प्रोजेक्ट बोट, ८० टक्के काम झालंय". बुडण्याची आणि पेटण्याची यादी संपली की पाण्यात टाका, बाकी सीझनमागून सीझन.

पाण्यात टाकायचा दिवस

शेवटचा पट्टा सोडायच्या आधी, बोट क्रेनच्या पट्ट्यांतच अर्धवट तरंगत असताना, आत उतरा. क्रेनवाल्याला दहा मिनिटं थांबायला आधीच सांगून ठेवा, चिडतो, चिडू दे. एकेका सीकॉकखाली, बेलोजच्या आतल्या बाजूला, शाफ्ट असेल तर त्याच्या सीलखाली कोरडा टिश्यू फिरवा. सीकॉक एकेक करून उघडा आणि परत टिश्यू. मग ब्लोअर, मग झाकण उघडून वास, मग स्टार्टर, आणि एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना ते मागे वाकून बघा.

आणि ड्रेन प्लग, म्हणजे तळाच्या भोकाचं बूच. तो हिवाळ्यात काढून ठेवला की ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही, किल्लीच्या जुडग्याला बांधायचा. मी ड्रॉवरमध्ये ठेवला होता. क्रेनवाला थांबलेला, घोट्यापर्यंत पाणी, आणि मी भोकात अंगठा घालून बायकोला हाका मारतोय.